दोनशे रुपयांचं लग्न आणि वरचे बहात्तर हजार

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. त्या दिवशी सोलापुरात आमचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. तेव्हापासून ऑफिसातल्या, गल्लीतल्या, नात्यातल्या मुली आणि काही मुलींचे वडीलही एकच विचारतात: नेमकं काय काय केलंस, किती वेळ लागला, घरचे कसे तयार झाले? प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. कायद्याचा भाग सोपा आहे, तो पुढे येईल. घरातला भाग अवघड होता, तो आधी.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. अण्णा पूर्वी कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका पॉवरलूमवर जॉबर म्हणून, म्हणजे माग चालते ठेवायच्या कामाला, लागले ते अजून तिथेच आहेत. ताईचं लग्न २०१९ च्या मे महिन्यात झालं, थाटात झालं. त्यासाठी अण्णांनी आठ लाखांचं कर्ज काढलं होतं, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांचं. हप्ता १८,६१५ रुपये. मला नोकरी लागल्यापासून निम्मा हप्ता मी भरत होते, त्यामुळे हा आकडा पाठ आहे. कागदावर व्याज तीन लाख सतरा हजारांच्या आसपास होतं. मग २०२० साली कोरोनात सहा महिने हप्ते थांबवायची सवलत मिळाली, अण्णांनी ती घेतली, कारण कारखानाच बंद होता. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. मुदत लांबली ती थेट २०२४ च्या दिवाळीपर्यंत. तोवर ताईची मुलगी बालवाडीत जायला लागली होती.

यात दाजींकडच्या कुणाचाही दोष नाही, त्यांनी एक रुपया मागितला नव्हता. लॉन, डॉल्बी, ड्रोनवाला फोटोग्राफर, आठशे पानं, हे सगळं आमच्याच घरात, आमच्याच हौसेनं आणि 'लोकं काय म्हणतेत' या भीतीनं ठरलं होतं.

माझी बैठक ठरली तुळजापूरच्या घराशी. मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडील तुळजापुरात. कोजागरीच्या आधी तिकडे बोलणं शक्यच नव्हतं. आमच्या सोलापुरातूनच लाखभर माणसं तुळजापूरला चालत जातात तेव्हा रस्ताही मोकळा नसतो आणि त्यांच्या घरी पाहुण्यांची रीघ असते. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या घरी चहापोहे झाले, दोन्हीकडून होकार आला आणि दुसऱ्याच दिवशी मामा हैदराबाद रोडवरच्या एका लॉनचा दर घेऊन हजर झाले. लॉनचं भाडं पावणेदोन लाख. जेवणाचं पान साडेचारशे, आठशे माणसांचे तीन लाख साठ हजार. स्टेजची सजावट, फोटो, व्हिडिओ, डॉल्बी, बस्ता, मानपान मिळून आणखी साडेतीन लाख. सोनं वेगळं. म्हणजे नऊ लाखांच्या जवळ. अण्णांची एफडी होती साडेतीन लाखांची आणि जुन्या कर्जाचा शेवटचा हप्ता अजून जायचा होता.

मी त्या रात्री एका कागदावर दोन रकाने केले. एकीकडे मामांचा दर, दुसरीकडे अण्णांचा पगार, माझा पगार, अण्णांच्या निवृत्तीला उरलेली वर्षं. अण्णांनी कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे ते आईला सांग. मला पटवायची गरज नाही."

आईला पटवणं हीच खरी परीक्षा होती. आणि मला आता तिची बाजू तेव्हापेक्षा जास्त कळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे आहेराची एक वही आहे. कुणाच्या लग्नात काय दिलं, आपल्याकडे कुणी काय दिलं, सगळं आईच्या अक्षरात, १९९८ पासूनचं. नोंदणी लग्न म्हटल्यावर तिनं काही न बोलता ती वही माझ्यासमोर टाकली. "तू हिशेब शिकलीस ना? मग कर बेरीज." केली. इतक्या वर्षांत आईनं लोकांच्या लग्नात रोख आणि वस्तू मिळून एक लाख चौसष्ट हजारांचा आहेर केला होता. ताईच्या लग्नात आलेला आहेर सत्तर हजार. आईच्या मते उरलेले चौऱ्याण्णव हजार हे आमचं येणं होतं आणि माझ्या लग्नात ते वसूल व्हायचे होते. माझ्या कारखान्यात असं येणं कुणी सोडून द्यायला सांगितलं तर मीही भांडले असते.

मी म्हटलं, "आई, चौऱ्याण्णव हजार वसूल करायला नऊ लाख घालायचे?"

"पैशाचं नाही गं ते. लोकांच्या मांडवात जेवलोय आपण. आपला मांडवच नाही म्हटल्यावर त्यांनी जेवायचं कुठं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं तिचं म्हणणं असं की मोठ्या मुलीचं धूमधडाक्यात केलं आणि धाकटीचं गुपचूप, म्हणजे लोक म्हणणार पोरीत काहीतरी खोट आहे, नाहीतर पळून गेली होती, आणून लावून दिलं.

आज्जीनं मध्ये तोंड घातलं आणि गाडी हलली. आज्जी म्हणाली, तिच्या लग्नात तांदूळ एका घरून आले होते, गूळ दुसऱ्या घरून, भाकऱ्या गल्लीतल्या बायांनी थापल्या, हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, कढई शेजारच्यांच्या अंगणात चढली. कर्ज काढलंच नव्हतं. ती पंढरपूरला गेली की गाडगेबाबांनी बांधलेल्या धर्मशाळेत उतरायची. लग्नासाठी कर्ज काढू नका, हे ते कीर्तनातून सांगायचे, हे तिनं तिच्या वडिलांकडून ऐकलेलं. "माझं लग्न झालं नव्हतं व्हय मग?" असं तिनं आईला विचारलं. सासूनं विचारल्यावर आई काय बोलणार!

शेवटी तडजोड ठरली. आईच्या अटी तीन: हळद घरी होणार, जवळच्या माणसांचं जेवण होणार आणि जेवायला आलेलं कुणीही रिकाम्या हातानं परत जाणार नाही. माझ्या अटी दोन: एका पैशाचंही कर्ज नाही आणि एकूण खर्च पंचाहत्तर हजारांच्या वर नाही. यादी एकदा झाली की नवीन काही घालायचं असेल तर तेवढ्याच पैशांचं जुनं काहीतरी काढायचं. हा नियम आम्ही फ्रिजवर चिकटवला होता आणि त्यानंच आम्हाला वाचवलं. साधं लग्न महाग कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. नोंदणी करतो म्हणणारी माणसं मग 'छोटंसं रिसेप्शन' करतात, तीनशे पानांचं. मामांनी तेच सुचवलं. दाजी म्हणाले, डॉल्बी माझ्याकडून. मैत्रीण म्हणाली, "प्री-वेडिंग तरी कर बे, हिप्परग्याच्या तळ्यावर, नाहीतर नळदुर्गच्या किल्ल्यात, मस्त येतेत फोटो." प्रत्येक वेळी फ्रिजकडे बोट दाखवायचं. दाजींचा डॉल्बी फुकट होता, पण डॉल्बी आला की वरात आली, वरात आली की माणसं, माणसं आली की जेवण.

मुलाकडच्यांशी मीच बोलले, त्याला सोबत घेऊन. सासरे एसटीत होते, निवृत्त झालेत. त्यांनी पाचच मिनिटं ऐकलं आणि हो म्हणाले. सासूबाईंना मात्र वाईट वाटलं. एकुलता मुलगा, भवानीच्या गावात वरात निघावी अशी इच्छा होती. त्यांनी एवढंच मागितलं की लग्नानंतर तुळजापुरात जागरण-गोंधळ त्यांच्या पद्धतीनं, त्यांच्या खर्चानं होईल. तो खर्च माझ्या बहात्तर हजारांत धरलेला नाही, हे आत्ताच सांगते, नाहीतर हिशेब खोटा होईल.

आता कागदपत्रं.

पहिला गोंधळ सगळ्यांचा इथेच होतो. लग्न लागल्यावर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन जी नोंद करतात ती वेगळी. त्यात लग्न आधीच विधीनं लागलेलं असतं. नमुना 'ड' भरायचा, त्यावर नवरानवरी, तीन साक्षीदार आणि पुरोहिताची सही असते, नमुना 'ई'चा दाखला मिळतो. आम्ही केलं ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तिथे लग्नच अधिकाऱ्यासमोर लागतं. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे, म्हणजे घर-जमिनीचे दस्त होतात त्या खात्याकडे. हा कायदा फक्त आंतरधर्मीय जोडप्यांसाठी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आम्ही दोघंही हिंदू, घरच्यांनी ठरवलेलं लग्न, तरीही चालतं.

अटी थोडक्यात: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण, कुणाचंही आधीचं लग्न टिकून नसलेलं आणि दोघांपैकी एकजण तरी नोटीस देण्याआधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला. मी जन्मापासून सोलापुरात, त्यामुळे इथे नोटीस दिली.

सोलापूरकरांसाठी एक महत्त्वाची सूचना. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न सर्रास होतं, काही समाजांत बहिणीच्या मुलीशीही. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत ही नाती येतात. रूढीची सवलत आहे, पण ती रूढी सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. तुमचं नातं असं असेल तर नोटीस भरण्याआधी वकिलाला विचारा. माझ्या एका सहकारी मुलीनं याच कारणासाठी साध्या पद्धतीनं देवळात विधी करून मग महापालिकेत नोंद केली. खर्च तिचाही कमीच झाला.

आम्ही दिवाळीनंतर कागद गोळा करायला घेतले. दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला. माझ्या दाखल्यावर आणि आधारवर अण्णांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. हे सोलापुरात घरोघरी आहे. कन्नड, तेलुगू नावं मराठी शाळेत लिहिली, मग इंग्रजीत लिहिली, प्रत्येक वेळी एखादं अक्षर इकडचं तिकडे. माझं काम एका जादा प्रतिज्ञापत्रावर भागलं, पण त्याच्यापायी आठवडा गेला. लग्नाचा विचार सुरू झाला की आधी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून वाचा. बाकी सगळं त्यानंतर.

कार्यालयाबाहेर एकानं 'सगळं करून देतो, पाच हजार' असं सांगितलं. सरकारी फी दोनशे रुपयांच्या आत आहे, तीही ऑनलाइन भरता येते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर आमची माहिती आधी भरून गेलो, मूळ कागद आत दाखवले. ज्यांना फॉर्म भरायचा आत्मविश्वास नाही त्यांनी मदत घ्यावी, पण पाच हजारांत काय काय येतं ते आधी विचारावं.

२ डिसेंबरला नोटीस दाखल झाली. तिची नोंद नोटीस-बुकात होते, एक प्रत कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. मुलगा कायमचा राहणारा धाराशिव जिल्ह्याचा, म्हणून एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही गेली. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारण कायद्यातल्या अटींपैकी असावं लागतं: वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. 'आम्हाला जेवायला बोलावलं नाही' ही हरकत चालत नाही, हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती अजिबात हसली नाही.

तीस दिवस उलटले की कधीही लगेच लग्न करता येतं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. मुदत गेली तर पुन्हा पहिल्यापासून नोटीस. म्हणून आम्ही तारीख मधोमध धरली.

या थांबण्याच्या काळात अण्णांना एका ओळखीच्यानं घाबरवलं: या कायद्यानं लग्न केलं की मुलगी एकत्र कुटुंबातून तुटते, वारसा बदलतो. मी मूळ कायदा काढून वाचला. कलम १९ आणि २१ मध्ये तसं आहे खरं, पण १९७६ साली घातलेल्या कलम २१-अ नुसार दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ती लागू होत नाहीत. अण्णांना मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. आमची मालमत्ता म्हणजे साखर पेठेतल्या दोन खोल्या, तरी त्यांना बरं वाटलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. गल्लीतले एकजण भाडेकराराच्या कामाला त्या कार्यालयात गेले, फलकावर माझा फोटो बघितला आणि तिथूनच अण्णांना फोन केला. "अहो, तुमच्या धाकटीचा फोटो लागलाय इथं. पोरगं कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" अण्णा शांतपणे म्हणाले, "माहीत आहे की. फॉर्म भरायला मीच तिला गाडीवर सोडून आलो होतो."

अण्णांचं उत्तर आम्ही नंतर खूप दिवस एकमेकांना ऐकवत होतो, पण आई त्या दिवशी रडली. तिची भीती खरी ठरली होती. नोंदणी लग्न म्हणजे पळून जाऊन लग्न, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसऱ्या दिवसापासून आईनं आणि मी वही समोर ठेवून एकेका घराला फोन केले. आई स्वतः सांगायची: "मुलाकडचे आमच्या पसंतीचे, तारीख अशी अशी, मोठं करत नाही, कर्ज काढायचं नाही ठरवलंय." सुरुवातीला 'कर्ज काढायचं नाही' हे वाक्य ती गिळून टाकायची, 'मुलांनाच हौस नाही' असं म्हणायची. चार-पाच घरांनंतर खरं कारण सांगायला लागली. गंमत म्हणजे खरं कारण ऐकल्यावर समोरच्या बायका त्यांच्या घरचे हप्ते सांगायला लागायच्या. एका काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, फी नक्की किती आहे गं? तर सांगायचं असं, की नोटीस फलकावर लागायच्या आधी हे फोन करा. बातमी तुमच्या तोंडून गेलेली बरी.

'आहेर आणू नये' असं निरोपात लिहायचं की नाही यावरून घरात पुन्हा एकदा वाजलं. आईचं म्हणणं, मी दिलाय तर लोकांनी का देऊ नये. मी लिहिलं नाही. तिचं बरोबर होतं असं मला आजही पूर्ण पटलेलं नाही, पण ती वही तिची आहे.

मध्ये संक्रांत आली, सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची यात्रा आली. दरवर्षीप्रमाणे संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला गेलो. कुंभाराच्या मुलीचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सातही नंदीध्वज आणि अक्षता टाकायला अख्खं सोलापूर. आज्जी मला गर्दीत म्हणाली, "ह्या लग्नाला बघ, कुणाला पत्रिका नाही आणि कुणाचं मानपान नाही." त्याच मुठीतल्या उरलेल्या अक्षता तिनं पदराला बांधून घरी आणल्या.

मुहूर्त आम्ही बघितला नाही, पण हळदीचा दिवस नळाला पाणी येण्याचा दिवस बघून ठरवला. सोलापुरात राहणाऱ्याला यातलं शहाणपण समजावून सांगायला नको.

२४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास गेलो. तीन साक्षीदार लागतात, त्यांची मूळ ओळखपत्रं आणि फोटो. आमच्याकडे ताई, मामा आणि मुलाचा पुण्याचा मित्र असे तीन ठरले होते. मित्र आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं आला, पण आधार फक्त मोबाइलमधल्या फोटोत. मूळ कार्ड पुण्यात. सुदैवानं रुसलेली आत्या 'बघू तरी काय करतायत' म्हणून आली होती आणि तिच्या पर्समध्ये आधार कायम असतं. अशा रीतीनं आत्या साक्षीदार झाली आणि रुसवाही तिथेच संपला. चौथा साक्षीदार कागदांसह तयार ठेवा.

विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी आणि साक्षीदारांनी घोषणापत्रावर सह्या करायच्या, फोटो काढायचे. मग एकमेकांकडे बघून एक वाक्य म्हणायचं असतं, आपल्याला समजेल त्या भाषेत: मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करते, अशा अर्थाचं. हे वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मी इतक्या हळू म्हटलं की अधिकारी म्हणाले, "साक्षीदारांना ऐकू आलं पाहिजे, ताई." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज कापला. मला वाटलं होतं दस्त नोंदवायला आल्यासारखं कोरडं वाटेल. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी खरेदीखत चाललं होतं, स्टॅम्पचा आवाज येत होता, आणि अण्णा रुमालात तोंड घालून उभे होते. हार आम्ही घालून घेतले. कायदा कुठलीही पद्धत चालवून घेतो, फक्त ते वाक्य आणि सह्या हव्यात. अधिकाऱ्यांना जादा फी भरून बाहेरही बोलावता येतं, आम्हाला गरज वाटली नाही.

दुपारी जुन्या शहरातल्या समाजाच्या सभागृहात जेवण. पंचाहत्तर पानं. हुग्गी, शेंगापोळी, भजी, आमटी-भात, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जेवणाआधी आज्जीनं पदराची गाठ सोडली आणि त्या अक्षता आमच्यावर टाकल्या. मंगलाष्टकं तिनंच म्हटली, दोन कडवी येतात तिला.

आता हिशेब, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. फी, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, फोटो मिळून दोन हजार. कपडे १४,५००, त्यात माझी इरकल आणि त्याचा सदरा-जाकीट. मंगळसूत्र आज्जीच्या जुन्या सोन्यातून, घडणावळ ६,२००. जेवण २४० रुपये पानाप्रमाणे १८,०००. सभागृह ७,०००. फोटोग्राफर अर्धा दिवस ६,०००. तुळजापूरच्या मंडळींची जीप ५,५००. हार आणि पेढे २,३००. आईच्या तिसऱ्या अटीसाठी प्रत्येक घराला एक टॉवेल, आमच्याच कारखान्यातून घाऊक दरानं १६० रुपयांचा, चाळीस घरं, ६,४००. हे होतात ६७,९००. वरचे चार हजार शंभर 'किरकोळ' नावाखाली आहेत आणि कशाकशावर गेले ते मला, हिशेबनीस असून, सांगता येत नाही. एकूण ७२,०००. निम्मे माझ्या बचतीतून, निम्मे अण्णांच्या. एफडी मोडली नाही.

आहेर २३ हजारांचा आला. आईनं तो वहीत लिहिला आणि उरलेल्या ७१ हजारांपुढे काही लिहिलं नाही. मे महिन्यात मामांच्या मुलाचं लग्न लॉनवर झालं. आम्ही सगळे गेलो, जेवलो, आईनं ५,१०० चा आहेर केला. मामांना सल्ला द्यायचा मोह झाला होता, दिला नाही. ज्याला परवडतं आणि हौस आहे त्यानं करावं. मामांना परवडतं की नाही हे मामांनी बघावं.

दाखला आम्हाला त्याच दिवशी मिळाला. त्याच्या प्रमाणित प्रती तेव्हाच दोन-तीन काढून ठेवा, बँकेत आणि कंपनीच्या विम्यात जोडीदाराचं नाव घालताना लागतात. मी नाव बदललेलं नाही. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा नियम नाही, त्यामुळे आधार, पॅन, पगाराचं खातं सगळं होतं तसंच राहिलं आणि एक मोठी रांग वाचली. ज्यांना नाव बदलायचंय त्यांनी पासपोर्ट काढण्याआधी ठरवावं.

कागदांची यादी आपापल्या हद्दीतल्या कार्यालयात स्वतः जाऊन एकदा विचारून घ्या, साक्षीदारांकडून काय लागतं तेही तेव्हाच विचारा. सकाळी लवकर गेलेलं बरं, दुपारनंतर खरेदीखतांची गर्दी होते.